कालनिर्णयावरची पाखरं

आमच्या ब्लॅकटाउनच्या घरी नरकचतुर्दशीला गजर लावावा लागत नाही. पहाटे चारच्या सुमारास मागच्या कुंपणापलीकडच्या गमट्रीवर कोकीळ सुरू होतो. सूर चढवत चढवत टिपेला नेतो, दम घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून. आमची उटणी, आंघोळी आटोपून फराळाची ताटं पुढ्यात आली तरी त्याचं चालूच असतं. शेजारचे गृहस्थ त्याच्या नावाने खडे फोडतात. आमची ही मात्र म्हणते, "ओरडू दे त्याला. तेवढीच दिवाळीची जाग."

गंमत अशी, की पुण्यात असताना कोकिळेचा आणि दिवाळीचा काही संबंध नव्हता. कोकिळा म्हणजे चैत्र, कैऱ्या, परीक्षेचे पेपर तपासायचे दिवस. नऊ वर्षांपूर्वी मी निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवाळीत गोंधळून गेलो. जॅकरँडा जांभळा होत आलेला, अभ्यंगस्नान झाल्यावर पंख्याखाली बसायची पाळी आणि बाहेर कोकिळेचा गजर. भिंतीवरचं कॅलेंडर सांगत होतं आश्विन, अंगण सांगत होतं चैत्र.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. दोन नोंदी एकमेकींशी जुळत नसल्या की मला स्वस्थ बसवत नाही. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. पुण्यात त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, गॅसचा सिलिंडर, कामवाल्या बाईंचे खाडे असं बरंच काही लिहिलेलं असायचं. इथे दूधवाला नाही, सिलिंडर नाही, चौकोन कोरेच राहायचे. त्या कोऱ्या चौकोनांत मी पक्षी लिहू लागलो. नियम एकच ठेवला. पाहुणा पक्षी मोसमात ज्या दिवशी पहिल्यांदा दिसेल किंवा ऐकू येईल तो दिवस लिहायचा, आणि शेवटचा दिवस लिहायचा. रोजच्यांची नोंद नाही, नाहीतर रेनबो लॉरिकीटनीच सगळी पानं भरली असती.

जुनी कालनिर्णयं मी टाकून दिली नाहीत. ती एका खणात आहेत. ती एकाखाली एक ठेवून पाहिली, तेव्हा लक्षात आलं की आपले सण इथे ऋतूंपासून सुटलेले नाहीत. ते फक्त दुसऱ्या ऋतूंना बांधले गेले आहेत.

गणपती ते दिवाळी

गणपती येतात तेव्हा इथे वसंत सुरू होत असतो आणि मॅगपाय घरट्यांवर असतात. हा काळा-पांढरा पक्षी एरवी मोठा गोड गळ्याचा. पण पिल्लं घरट्यात असली की काही नर वरून झेप घेतात, विशेषतः सायकलवाल्यांवर आणि पोस्टमनवर. सगळे तसे नसतात, थोडेच असतात, पण ते थोडे पुरतात. माझ्या टोपीवर दोनदा टोच बसली आहे. मॅगपाय माणसांचे चेहरे ओळखतात आणि लक्षात ठेवतात, तेव्हा हातवारे करून किंवा दगड भिरकावून वैर ओढवून घेऊ नये. सायकलवरून उतरावं, छत्री उघडावी, शांतपणे पुढे जावं. मी ऑगस्ट-सप्टेंबरात छत्री घेऊनच फिरायला निघतो. सूनबाईंना बरेच दिवस वाटत होतं, बाबांना ऊन लागतं.

मग पितृपक्ष. पहिल्या वर्षी आम्ही कावळ्यासाठी कुंपणापाशी पान ठेवलं. इथला रेव्हन आपल्या कावळ्याचा थोराड भाऊबंद, डोळे पांढरट, आवाज शेवटी रडवेला होत जाणारा. तो गमट्रीवर बसून पाहत राहिला आणि खाली आलाच नाही. पानावर तुटून पडले ते दुसरेच दांडगे पक्षी. पुढे वाचनात आलं, की पाव, शिजवलेला भात असलं अन्न इथल्या रानपाखरांना मानवत नाही आणि अशा आयत्या खाण्यावर दांडगेच पोसले जातात. तेव्हापासून ही पान बाहेर ठेवते, हात जोडते आणि रेव्हनने पाहिलं की पान आत घेऊन येते. पितरांकडून अजून तरी तक्रार आलेली नाही.

घटस्थापनेच्या आगेमागे कोकीळ येतो. आपण 'कोकिळा गाते' म्हणतो, पण तो कू-ऊ करणारा काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा पक्षी नर असतो. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. इथली आणि आपल्याकडची कोकिळा दिसायला जवळजवळ सारखी असली तरी जाती दोन आहेत, चुलत बहिणी म्हणा. महाराष्ट्रातली कोकिळा कुठे जात नाही. ती थंडीत गप्प असते आणि फाल्गुन-चैत्रात कंठ फुटल्यासारखी बोलू लागते. इथली मात्र खरीच पाहुणी. न्यू गिनी, इंडोनेशियाच्या बाजूने हजारो किलोमीटर उडत सिडनीला येते, अंडी घालते आणि परत जाते.

अंडी अर्थातच दुसऱ्याच्या घरट्यात. पण इथे तो दुसरा कावळा नव्हे, तर रेड वॉटलबर्ड नावाचा मध खाणारा पक्षी. कावळ्याला फसवण्याचं काम इथे चॅनल-बिल्ड कक्कूने घेतलं आहे. तोही याच सुमाराला उत्तरेकडून येतो. धनेशाची आठवण व्हावी अशी चोच, लांब शेपटी आणि कर्कश ओरडणं. दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या जगातल्या सगळ्या पक्ष्यांत हा आकाराने मोठा. रेव्हन, मॅगपाय आणि करावाँग यांच्या घरट्यांत तो अंडी घालतो. टोपीवर टोच मारणारा शहाणा मॅगपाय दुसऱ्याचं पिल्लू मात्र निमूटपणे वाढवतो, हे वाचून मला थोडं बरं वाटलं.

संक्रांत ते आषाढी

संक्रांत म्हणजे इथला कडक उन्हाळा. ४ जानेवारी २०२० रोजी आपल्या शेजारच्या पेनरिथला ४८.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. त्या दिवसांपासून अंगणात सावलीला पाण्याची उथळ परात ठेवतो आणि तिच्यात दोन-चार दगड. दगड अशासाठी, की लहान पक्ष्याला पाय टेकता यावा आणि पडलेल्या मधमाशीला वर चढता यावं.

याच दिवसांत कोकिळेचं पिल्लू घरट्याबाहेर येतं. एक वॉटलबर्ड आपल्याहून अंगाने भरलेल्या पोराला भरवताना एकदा आम्ही पाऊण तास पाहिली. पोर एकसारखं ओरडत होतं, ती बिचारी खेपा घालत होती. ही म्हणाली, "आईला सगळं ठाऊक असेल हो. पण भुकेलं पोर समोर असल्यावर काय करील?" शास्त्र असं म्हणत नाही, पण मी वाद घातला नाही.

शिवरात्रीपासून कू-ऊ विरळ होत जातं आणि पाडव्याला गुढी उभारतो तेव्हा झाड गप्प झालेलं असतं. पुण्याहून बहिणीचा फोन येतो, "अरे, कोकिळा काय ओरडतेय सकाळपासून!" आमच्याकडची तेव्हा उत्तरेच्या वाटेला लागलेली असते. मोठे आधी जातात, त्या वर्षीची पिल्लं मागाहून. ज्याने आईवडिलांना कधी पाहिलं नाही असं पोर एकटं न्यू गिनीकडे निघतं, कारण ती वाट त्याच्या अंगातच असते. आपल्या पोरांना मराठीची वाट अशी उपजत सापडत नाही. तिथे आपल्यालाच बोट धरून न्यावं लागतं.

मे-जूनमध्ये थंडी पडली की येतात सिल्व्हरआय. चिमणीहूनही लहान, हिरवट, डोळ्याभोवती पांढरं कडं. आपल्याकडे त्याचा भाऊ आहे, त्याला आपण 'चष्मेवाला' म्हणतो. म्हणून मीही यांना चष्मेवालेच म्हणतो. काही चष्मेवाले सिडनीत बारा महिने असतात, पण थंडीत त्यांच्यात टास्मानियाचे येऊन मिसळतात. ते कुशीच्या तांबूस रंगावरून ओळखू येतात. पायात कडी घातलेल्या पक्ष्यांवरून हे सिद्ध झालेलं आहे, की टास्मानियातले चष्मेवाले न्यू साउथ वेल्स आणि थेट क्वीन्सलँडपर्यंत जातात. जेमतेम दहा-बारा ग्रॅम वजनाचा जीव बासची सामुद्रधुनी ओलांडून येतो. आषाढीच्या सुमाराला हे थवे झाडाझाडांतून बारीक आवाजात एकमेकांना साद देत सरकत असतात. मी त्या चौकोनात एकच शब्द लिहितो, 'वारी'.

आपल्याकडून आणलेले

काही पक्ष्यांना माझ्या कालनिर्णयात जागा नाही, कारण ते कायमचेच आहेत. त्यातली साळुंकी १८६२ साली मेलबर्नला बागांमधल्या किडी खाव्यात म्हणून मुद्दाम आणून सोडली. ती किड्यांपुरती थांबली नाही. झाडांच्या ढोल्या बळकावून तिने इथल्या पोपटांची घरटी हिरावली. कपाळावर तांबडा पट्टा नसला तरी तोरा शिपायाचा असलेला, गालावर लाल ठिपका मिरवणारा आपला शिपाई बुलबुलही सिडनीत १८८० पासून आहे.

साळुंकीला इथे 'इंडियन मायना' म्हणतात. नात तिसरीत असताना शाळेतून येऊन विचारती झाली, "आजोबा, इंडियन मायना पेस्ट असते का?" प्रश्न पक्ष्याचा होता, पण तिचा चेहरा पाहून कळलं, की वर्गात कोणीतरी हसलं असणार. मी तिला सांगितलं, "साळुंकी स्वतःहून आली नाही, तिला पिंजऱ्यात घालून आणलं. तिच्यामुळे इथल्या पक्ष्यांचं नुकसान झालं हेही खरं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही वर्गात सांगायला हरकत नाही." तिने सांगितल्या की नाही, मला माहीत नाही. पण तेव्हापासून ती माझ्याबरोबर पक्षी बघायला बसू लागली.

दोन कोऱ्या जागा

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

दोन वर्षं आषाढातल्या चौकोनांत 'वारी' हा शब्द नव्हता. 'चष्मेवाले आले नाहीत' अशी नोंद होती. दुसरी कोरी जागा होती सुपर्ब फेअरी-रेनची. निळ्याभोर डोक्याचा नर, तपकिरी मादी, शेपटी उभी धरून जमिनीवर टुणटुण उड्या मारत किडे टिपणारा अंगठ्याएवढा पक्षी. हा पाहुणा नव्हे, बारमाही घरातला. याच्यासाठी मी नियम मोडून दर महिन्याला एक खूण करत असे. त्या खुणा एका वर्षीच्या वसंतानंतर थांबल्या होत्या.

मी निष्कर्ष काढून मोकळा झालो. पश्चिम सिडनीत झपाट्याने घरं होताहेत, झाडी तुटतेय, लहान पक्षी संपले. मंडळाच्या एका कार्यक्रमात मी हे ठामपणे सांगितलंही.

गेल्या वर्षी जूनमध्ये नात मागच्या पायरीवर अभ्यास करत बसली होती. मी शेजारी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "आजोबा, चष्मेवाले आलेत. किती आवाज करतायत!"

मला काही ऐकू येत नव्हतं. तिने बोट दाखवलं तिकडे पाहिलं, तर बॉटलब्रशमध्ये दहा-पंधरा चष्मेवाले. तांबूस कुशीचे, टास्मानियाचे. वारी अंगणात होती आणि मी तिच्या मधोमध पेपर वाचत बसलो होतो.

हे पक्षी पानांच्या रंगाचे. ते आधी ऐकू येतात, मग दिसतात. माझे कान त्यांना ऐकेनासे झाले होते, म्हणून डोळ्यांनी शोधणंही थांबलं होतं. वय झालं की उंच स्वर आधी जातात. माणसांचं बोलणं बऱ्यापैकी कळतं, म्हणून स्वतःच्या लक्षात येत नाही. कोकीळ दणदणीत, तो ऐकू येतो. चष्मेवाल्याची आणि रेनची बारीक साद निसटते. मी कान तपासून घेतले. तपासणाऱ्या बाईंनी आलेख समोर ठेवला. डावीकडे बरी असलेली रेघ उजवीकडे उतारावर घसरत गेली होती. चाळीस वर्षं मुलांना आलेख वाचायला शिकवले, स्वतःचा वाचायची वेळ पहिल्यांदा आली.

वर्गात मी पहिल्याच तासाला सांगायचो, की नोंद नाही याचा अर्थ वस्तू नाही असा होत नाही. आधी मोजणाऱ्याला तपासा. मीच ते विसरलो होतो. त्या दोन वर्षांच्या नोंदी मी खोडल्या नाहीत. नोंद खोडायची नसते. शेजारी लिहिलं, 'निरीक्षकाचे कान अधू'.

मग मनात आलं, रेनचंही असंच असेल! नातीला कामाला लावलं. सुट्टीतला आठवडाभर ती रोज सकाळी पायरीवर बसली. तिने इमानेइतबारे सांगितलं, "रेन नाहीये आजोबा. खरंच नाहीये."

एक कोरी जागा माझ्या कानांची होती. दुसरी खरी होती. आणि ती माझ्या हातांची होती.

घाणेरी

आमच्या मागच्या कुंपणाला घाणेरीचं रान होतं. हो, आपल्याकडच्या डोंगरांवरची तीच घाणेरी, टणटणी म्हणतात ती. मूळची अमेरिकेतली, इथेही उपद्रवी तण म्हणून जाहीर झालेली. मी आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी सगळी एका दमात उपटून काढली. हिरवळ लावली आणि देशी झाडं लावावीत या सद्हेतूने मोठ्या फुलांच्या, बारा महिने बहरणाऱ्या संकरित ग्रेविलिया लावल्या. येणारा-जाणारा बाग पाहून तोंडभर कौतुक करायचा.

त्या फुलांच्या मधावर नॉइझी मायनर आले. हे साळुंकीचे कोणी लागत नाहीत. पिवळी चोच सारखी असली तरी हा इथलाच, राखाडी, मध खाणारा पक्षी. टोळीने राहतो आणि आपल्या हद्दीत लहान पक्ष्याला टिकू देत नाही. मोकळी हिरवळ, वर तुरळक झाडं, मधली झुडपं गायब, अशी जागा त्याला फार मानवते. त्याच्या या दांडगाईमुळे इतर पक्ष्यांवर येणारं संकट ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने २०१४ मध्ये पर्यावरण कायद्याखाली अधिकृत धोक्यांच्या यादीत घातलं आहे. घाणेरी वाईट खरी, पण तिच्या काट्यांत रेनला आसरा होता. तो आसरा मी एका आठवड्यात काढून घेतला आणि वर गुंडांना मेजवानी दिली. घाणेरी काढायचीच असते, पण थोडी काढावी, तिथे दाट झुडूप लावावं, ते धरलं की पुढची काढावी.

गेल्या हिवाळ्यात दोन ग्रेविलिया काढल्या. त्यांच्या जागी बर्सेरिया लावली. ही या कम्बरलँड मैदानाची मूळची काटेरी झाडी, उन्हाळ्यात बारीक पांढरी फुलं येणारी. एकेकाळी आपल्या घरांच्या जागी ग्रे बॉक्स आणि फॉरेस्ट रेडगमची विरळ रानं होती. ती आता इतकी थोडी उरलीत, की सरकारी यादीत 'अत्यंत संकटग्रस्त' आहेत. डूनसाइडच्या नुरागिंजी रिझर्व्हमध्ये फिरायला जाल तेव्हा तिथली झाडी लक्ष देऊन पाहा. नुरागिंजी हे इथल्या दारुग लोकांपैकी एकाचं नाव. त्यांच्या काळी हे पक्षी कोणत्या झुडपात बसत असतील, याचा थोडा अंदाज येतो.

झाडं अजून गुडघ्याएवढीच आहेत. मायनर अजून आहेत. मी आता कानाला यंत्र लावतो. त्याने चष्मेवाले पुन्हा ऐकू आले, जरा धातूच्या भांड्यातून आल्यासारखे, पण आले. या वर्षीच्या आषाढात 'वारी' लिहिली.

ऑक्टोबरमध्ये, बहुधा दिवाळीच्या जवळपासच, बर्डलाइफ ऑस्ट्रेलियाची अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी असते. २०१४ पासून ती दरवर्षी होते. वीस मिनिटं एका जागी बसायचं आणि दिसतील, ऐकू येतील ते पक्षी फोनवर नोंदवायचे. महाराष्ट्रात त्यानंतर लगेच, ५ ते १२ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. म्हणजे फराळाचे डबे रिकामे होईतो दोन्हीकडे पाखरांचीच मोजदाद चाललेली. माझी विनंती इतकीच, की वीस मिनिटं बसाल तेव्हा आजी-आजोबा आणि नातवंडं शेजारी शेजारी बसा. एकाला नावं ठाऊक असतात, दुसऱ्याचे कान शाबूत असतात. एकट्याच्या मोजणीवर विश्वास ठेवू नये, हे मी अनुभवाने सांगतो.

गेल्या महिन्यात सकाळी चहा करायला उठलो, तर कालनिर्णयाच्या एका चौकोनात माझं नसलेलं अक्षर दिसलं. देवनागरी, थोडं वाकडंतिकडं: 'रेन. एकदा आइकली. दिसली नाही.'

'आइकली' दुरुस्त करायला पेन्सिल उचलली होती, पण ठेवून दिली. मग कानाला यंत्र लावून बर्सेरियापाशी अर्धा तास उभा राहिलो. मला ऐकू आली नाही. नोंद मात्र मी ग्राह्य धरली आहे.